किनारा एक, पंगती अनेक

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आठ बेटे आहेत. त्यांना चॅनल आयलंड्स म्हणतात. त्यातले अगदी पश्चिमेचे बेट सॅन मिगेल. झाडे जवळपास नाहीत, वारा थांबत नाही आणि धुके उतरले की चार पावलांपुढचे दिसत नाही. या बेटाचे पश्चिम टोक म्हणजे पॉइंट बेनेट. इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकासोबत दिवसभराची पायपीट करून तिथे जावे लागते. पोचणाऱ्याला प्राणी नंतर दिसतात, आधी त्यांचा गलका ऐकू येतो आणि वास येतो. मग टेकाडावरून नजर खाली जाते. वाळू दिसतच नाही, दिसतात ती फक्त शरीरे. तपकिरी, करडी, काळपट, एकमेकांना खेटून, काही तर एकमेकांच्या अंगावर पसरलेली. भर हंगामात इथे 30,000 हून अधिक सील आणि समुद्रसिंह जमतात.

जरा नीट पाहिले की हा एक जमाव नाही, हे लक्षात येते. भुंकल्यासारखा आवाज काढणारे कॅलिफोर्निया समुद्रसिंह संख्येने सर्वांत जास्त. त्यांच्यापलीकडे दाट लोकरीचे, आखूड नाकाचे उत्तरी फर सील. हिवाळ्यात आले तर लोंबत्या सोंडेचे, दोन टनांचे हत्तीसील नर एकमेकांवर छाती आपटताना दिसतात. खडकांच्या आडोशाला, गर्दीपासून जरा फटकून राहणारे ठिपकेदार हार्बर सील. आणि क्वचित मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाकडून आलेला ग्वादालूप फर सील. या जातीचे एक पिल्लू 1997 साली सॅन मिगेलवर जन्मले, तेव्हा संशोधकांना झालेला आनंद समजण्यासारखा होता. ही जात संपली असे एके काळी धरून चालले होते, आणि 1954 साली ती ग्वादालूपवर पुन्हा सापडली होती.

पाच जाती, एक टोक, समोर एकच पाणी. सगळेच मांसाहारी, सगळेच मासे आणि माकूल खाणारे. मग एवढ्या तोंडांना हा समुद्र पुरतो कसा? पुढच्या पानांचा विषय हा प्रश्न आहे. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला माणसाला खोल, काळोख्या पाण्यात डोकावण्याची युक्ती आधी शोधावी लागली.

शास्त्रात या प्रश्नाची पाळेमुळे एका काचेच्या नळीत आहेत. गॉस या रशियन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या. काही दिवसांत एक जात उरली, दुसरी संपली. दोघांची गरज तंतोतंत सारखी असेल तर दोघे फार काळ एकत्र टिकत नाहीत, हा त्यातून निघालेला नियम. टिकायचे असेल तर कुठेतरी वाटणी व्हावी लागते. पॉइंट बेनेटची वाळू या नियमाला खोटे पाडते असे वरवर वाटते. पण वाळूवर कोणी जेवत नाही, हे विसरून चालत नाही.

हत्तीसीलाचेच पाहा. किनाऱ्यावरची सर्वांत जास्त जागा तो अडवतो, पण विणीच्या हंगामात तिथे असताना तो काही खातच नाही. नर तीन-तीन महिने उपाशी राहतो. मादी पिल्लाला सुमारे चार आठवडे पाजते, तेही स्वतः घास न घेता, अंगावरची चरबी वितळवून. त्याचे ताट हजारो किलोमीटर दूर मांडलेले असते. म्हणजे आपण ज्याला गर्दी समजतो ती झोपण्याची, विण्याची आणि कात टाकण्याची गर्दी आहे. पंगत दुसरीकडे बसते, आणि ती एक नाही.

इथे नावांचा थोडा खुलासा करायला हवा, कारण मराठीत या सगळ्यांना सरसकट सील म्हणण्याची सवय आहे आणि त्यात चूक अशी काही नाही. आपल्या किनाऱ्यावर हे प्राणी नाहीत, त्यामुळे कोळ्यांच्या बोलीत त्यांना नाव असण्याचे कारणही नाही. समुद्रसिंह आणि फर सील हे एका घराण्यातले. त्यांना बाहेर डोकावणारे छोटे कान असतात, मागचे पाय पोटाखाली वळवून ते चक्क चालतात आणि पाण्यात पुढच्या पंखांसारख्या पायांनी पोहतात. हार्बर सील आणि हत्तीसील हे दुसऱ्या घराण्यातले, खरे सील. कानाच्या जागी नुसते छिद्र, जमिनीवर पोटाने सरपटणे, आणि पाण्यात मागच्या पायांचा माशाच्या शेपटीसारखा मारा. ही फक्त ओळखण्याची खूण नाही. कोण किती खोल जाणार आणि किती वेळ खाली राहणार, याची अर्धी गोष्ट या शरीरांतच लिहिलेली आहे.

ती गोष्ट वाचायला सुरुवात झाली एका स्वयंपाकघरातल्या घड्याळाने. जेराल्ड कूयमन हा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंडला वेडेल सीलांवर काम करत होता. सील बर्फातल्या भोकातून खाली जातो आणि बऱ्याच वेळाने वर येतो, एवढेच माहीत होते. मधल्या वेळात तो काय करतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. कूयमनने पदार्थ शिजायला लावताना वापरतात तसले साठ मिनिटांचे टायमर घेतले. त्यावर काजळी धरलेली काचेची चकती बसवली. पाण्याच्या दाबाबरोबर हलणारी एक सुई त्या काजळीवर रेघ ओढत जाई. सील वर आला की उपकरण काढायचे आणि काचेवरची रेघ वाचायची. त्या रेघेने सांगितले की हा प्राणी शेकडो मीटर खोल जातो. आज पाठीवर चिकटवलेली यंत्रे उपग्रहाशी बोलतात, जबड्यावरचे संवेदक प्रत्येक घास मोजतात, छोटे कॅमेरे खालचा काळोख दाखवतात. पण या सगळ्यांचा पूर्वज ती काजळीची रेघ आहे, आणि या विषयावर लिहिताना तिची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

दुसरी वाट अधिक घाणेरडी आणि तितकीच उपयोगाची. संशोधक किनाऱ्यावरची विष्ठा गोळा करतात, बारीक चाळणीत धुतात, आणि चिमट्याने त्यातले पांढरे खडे वेचतात. ज्यांनी घोळ किंवा ढोमा साफ केला आहे त्यांच्या हाताला माशाच्या डोक्यातला असा खडा लागलेला असतो. माशाच्या कानातला हा खडा. प्रत्येक जातीच्या माशाचा वेगळ्या घडणीचा, आणि झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षांची वलये. एका मूठभर खड्यांवरून कोणता मासा, केवढा, किती वर्षांचा, हे सांगता येते. माकूल खाल्ले असेल तर त्याची पोपटासारखी चोच सापडते. आणि अलीकडे मिशीचा एक केसही पुरतो. केस वाढत जातो तसा त्या त्या महिन्यांचा आहार त्यात साठतो. तुकडे करून त्यातले नायट्रोजन आणि कार्बनचे जड-हलके अणू मोजले की प्राणी अन्नसाखळीच्या कितव्या पायरीवर जेवला आणि किनाऱ्याजवळ जेवला की दूर, याचा अंदाज येतो.

या साधनांनी सॅन मिगेलच्या पाण्याचा जो नकाशा उभा राहिला, तो आडवा नाही, उभा आहे.

हार्बर सील घराजवळचा. शंभर किलोच्या आसपासचे शरीर, तळाशी किंवा तळाजवळ राहणारे मासे, उथळ पाणी, ओळखीचे खडक. त्याच्यापुढे, खंडाच्या उथळ मंचावर आणि त्याच्या काठाशी समुद्रसिंह. मादी शंभर किलोची, नर तिच्या तिप्पट. अँकोव्ही, सार्डिन, हेक, रॉकफिश, बाजारात विकले जाणारे लहान माकूल, जे थव्याने मिळेल ते. म्हणजे आपल्याकडच्या मांदेली आणि तारलीच्या भाऊबंदांवर त्यांची भिस्त. फर सील याच किनाऱ्यावर विणतो, पण मंचाची कड ओलांडून खोल समुद्राच्या दिशेने जातो आणि प्रामुख्याने रात्री जेवतो. जॉर्ज अँटोनेलिस आणि सहकाऱ्यांनी 1990 साली सॅन मिगेलच्या फर सील आणि समुद्रसिंह माद्यांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात हाच फरक पुढे आला: समुद्रसिंह मादी बेटांजवळच्या, मंचावरच्या पाण्यात, तर फर सील मादी त्याबाहेरच्या महासागरी पाण्यात.

फर सीलाची मादी चाळीस-पन्नास किलोची. तिची दाट लोकर हवा धरून ठेवते आणि त्या हवेने ती उबदार राहते. पण खोल गेले की दाबाने हवा आकसते आणि ऊब घटते. शिवाय लहान शरीरात प्राणवायूचा साठा लहान. प्राणी मोठा झाला की रक्तात आणि स्नायूंत मावणारा प्राणवायू वजनाच्या प्रमाणात वाढतो, खर्च मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. म्हणून मोठ्याला जास्त वेळ खाली राहता येते. लहान फर सीलाने यावर काढलेला तोडगा सुंदर आहे. तो खाली जात नाही, अन्न वर येण्याची वाट पाहतो. दिवसा शेकडो मीटर खाली असणारे कंदीलमासे आणि माकूल रात्री पृष्ठभागाकडे चढतात. फर सील तेव्हा तिथे हजर असतो.

आणि हत्तीसील? त्याने हे सारे पाणीच सोडून दिले आहे. वर्षातून दोनदा तो उत्तर पॅसिफिकमध्ये निघतो. मादी खुल्या महासागरात 400 ते 600 मीटर खोलीवर, सुमारे वीस मिनिटे बुडी, दोन-तीन मिनिटे वर, पुन्हा बुडी, असे रात्रंदिवस महिनोन्महिने करत राहते. या जातीची 1,700 मीटरपेक्षा खोल गेलेली बुडीही नोंदली आहे. ज्या कंदीलमाशांची फर सील रात्री वर वाट पाहतो, त्यांच्या घरी ही मादी दिवसाही जाते. नर तिच्यासोबत नाही. तो अलास्काच्या आखाताकडे आणि अल्यूशियन बेटांकडे, खंडाच्या मंचाच्या कडेला तळाशी शिकार करतो. म्हणजे एकाच जातीत नवऱ्याचे ताट वेगळे आणि बायकोचे वेगळे. समुद्रसिंहांतही असेच काहीसे. वीण संपली की नर उत्तरेला ऑरेगन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबियापर्यंत जातात, माद्या पिल्लांपाशी राहतात.

पिल्लू हा या वाटणीतला सर्वांत मोठा दोर आहे. समुद्रसिंह मादी पिल्लाला जवळपास वर्षभर पाजते. तीन-चार दिवस समुद्रात, एक-दोन दिवस किनाऱ्यावर, असे हेलपाटे घालत तिला बेटापासून फार लांब जाता येत नाही. फर सील पिल्लाला सुमारे चार महिन्यांत दूध सोडवते. हत्तीसील मादी चार आठवड्यांत मोकळी होते आणि मग तिला महासागर खुला. दोर जेवढा लांब तेवढी पंगत दूर मांडता येते. वाटणी खोलीची असते, अंतराची असते, घटकेची असते, हे पुस्तकांत येते. ती दुधाच्या महिन्यांचीही असते, ही गोष्ट मात्र क्वचित पुरेशा ठळकपणे सांगितली जाते.

आता विषुववृत्तावर, गालापागोसला जाऊ. हा सगळा प्रकार तिथे इतका स्वच्छ दिसतो की तो विस्ताराने सांगायलाच हवा. द्वीपसमूहाच्या पश्चिमेला फर्नांदिना आणि इसाबेला या बेटांवर खालून येणारा थंड प्रवाह आपटतो आणि अन्नद्रव्ये वर आणतो. त्या जोरावर उष्ण कटिबंधात दोन जाती राहतात: गालापागोस समुद्रसिंह आणि गालापागोस फर सील. फर सील मादी अवघी तीस किलोच्या आसपास, कानवाल्या घराण्यातली सर्वांत लहान. समुद्रसिंह मादी तिच्या दुपटीहून जड. फ्रिट्झ ट्रिलमिख या जर्मन जीवशास्त्रज्ञाने फर्नांदिनाच्या काळ्या लाव्ह्यावर या दोघांच्या मागे अनेक वर्षे घालवली.

संध्याकाळी खडकांच्या भेगांतून फर सील माद्या बाहेर पडतात आणि पाण्यात उतरतात. त्याच वेळी दिवसभर समुद्रात असलेल्या समुद्रसिंह माद्यांपैकी काही परतत असतात. पाळी बदलावी तसे. फर सील रात्री, वर आलेल्या माशांवर, फारशी खोल न जाता जेवते. पण तिच्या वेळापत्रकावर चंद्राची सत्ता आहे. ट्रिलमिख आणि मोरेन यांनी 1981 साली दाखवून दिले की पौर्णिमेच्या सुमारास फर सील किनाऱ्यावर जास्त असतात, अमावास्येच्या सुमारास समुद्रात जास्त. चांदण्यात कंदीलमासे वर यायला कचरतात, खालीच राहतात. शिवाय उजेडात शार्कला फर सील दिसण्याचा धोका. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर जाळी टाकणाऱ्यांना चंद्र आणि मासळी यांचे नाते नव्याने सांगायला नको. हे फर सीलही तेच पंचांग पाळतात.

समुद्रसिंहाला चंद्राची एवढी पर्वा नाही, तो खोल जाऊ शकतो. पण त्याचीही गोष्ट एकसुरी नाही. स्टेला व्हियेगास-आम्टमन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच वसाहतीतल्या समुद्रसिंह माद्यांच्या तीन तऱ्हा सापडल्या: उथळ बुड्या मारणाऱ्या, खोल जाणाऱ्या, आणि रात्री तळाशी शिकार करणाऱ्या. म्हणजे जातीजातींत वाटणी झाल्यावर एका जातीतल्या शेजारणींतही ती पुन्हा होते. निसर्गात एक जात म्हणजे एक सवय, असे मानण्याचा आपला आळस आहे. या माद्या तो मोडून काढतात.

दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या राज्यात, वाटणी बर्फावरूनही ठरते. वेडेल सील किनाऱ्याला चिकटलेल्या अखंड बर्फाखाली शिकार करतो आणि श्वासाचे भोक दातांनी खरवडून उघडे ठेवतो. वर्षानुवर्षे बर्फ घासून त्याचे दात झिजतात. क्रॅबइटर सील तरंगत्या बर्फावर राहतो. नावाचा अर्थ खेकडे खाणारा, पण तो खेकडे मुळीच खात नाही. त्याचा आहार जवळजवळ सगळा क्रिलचा, म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या दिसणाऱ्या जीवांचा. त्याच्या दाढांना अशा खाचा असतात की तोंड मिटले की चाळणी तयार होते, पाणी बाहेर जाते आणि क्रिल आत राहते. लेपर्ड सीलही क्रिल खातो, पण पेंग्विनही खातो आणि क्रॅबइटरची पिल्लेही. मोठ्या झालेल्या अनेक क्रॅबइटरांच्या अंगावर त्याच्या दातांचे लांब व्रण आयुष्यभर राहतात. शेजारी म्हणजे फक्त वाटेकरी नव्हे, हे लक्षात ठेवायला ते व्रण पुरेसे आहेत. या प्रदेशाशी आपले नातेही आहे. लार्समन टेकड्यांमध्ये 2012 पासून भारताचे भारती स्थानक आहे, आणि त्यासमोरच्या बर्फावर वेडेल माद्या पिल्ले घालतात. या मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

एवढे वाचल्यावर वाटेल की सगळीकडे नीट आखलेले बांध आहेत. तसे नाही. टास्मानियाच्या दक्षिणेला मॅक्वारी बेटावर अंटार्क्टिक फर सील आणि उपअंटार्क्टिक फर सील शेजारी राहतात. एकाचे दूध चार महिने, दुसऱ्याचे दहा. तिथे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्यातला त्यांचा आहार तपासला तर दोघांचे मुख्य अन्न एकच निघाले, कंदीलमाशाची एकच जात, आणि शिकारीचे पाणीही जवळपास तेच. भांडण का नाही? कारण बेटाजवळ तो मासा मुबलक आहे. पोटभर असेल तर बांध घालायची गरज पडत नाही. या विषयावरच्या लेखनात हे उदाहरण नेहमी मागे राहते, आणि ते पुढे आणायला हवे. जिथे फरक दिसला तिथे स्पर्धेनेच तो घडवला, असे म्हणण्याची घाई त्यामुळे टळते. शरीर, दूध आणि पूर्वजांचा मुलूख यांतूनही फरक येतो.

वाटणीची खरी परीक्षा दुष्काळात होते. समुद्राचा दुष्काळ म्हणजे एल निन्यो. 1982-83 च्या एल निन्योत गालापागोसभोवतीचे पाणी तापले, खालून येणारी अन्नद्रव्ये थांबली, मासे खोल आणि दूर गेले. 1982 साली जन्मलेली फर सीलांची जवळपास सगळी पिल्ले मेली. समुद्रसिंहांनाही फटका बसला, पण एवढा नाही. खोल जाऊ शकणाऱ्या शरीराने त्यांना तारले. फर सील रात्री वर येणाऱ्या ताटावर अवलंबून होता, आणि ताट वर आलेच नाही.

सॅन मिगेलवरही हेच वेगवेगळ्या रूपांत घडले. तिथली फर सीलांची वसाहत 1968 साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. उत्तरेच्या बेरिंग समुद्राकडून आलेल्या मूठभर प्राण्यांची ती वाढ. 1997-98 च्या एल निन्योनंतर एका वर्षात तिथे जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी कोसळली, आणि सावरायला अनेक वर्षे लागली. समुद्रसिंहांची पाळी 2013 ते 2016 दरम्यान आली. पाणी उबदार झाले, माद्यांच्या घासांत चरबीयुक्त सार्डिन आणि अँकोव्ही घटले, त्यांच्या जागी माकूल आणि रॉकफिश आले. पोट भरत होते, दूध मात्र पातळ होत होते. भुकेली पिल्ले आईची वाट न पाहता पाण्यात उतरली आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला हाडांचा सापळा होऊन लागली. 2015 च्या पहिल्या काही महिन्यांतच अशी 3,000 हून अधिक पिल्ले सापडली. त्याच वर्षांत खुल्या महासागरात शेकडो मीटर खाली जेवणाऱ्या हत्तीसीलांवर तशी आपत्ती ओढवली नाही. पंगत वेगळी म्हणजे संकटही वेगळे.

सॅन मिगेलवर आणखी एक जात होती. स्टेलर समुद्रसिंह, कानवाल्यांतला सर्वांत मोठा. विसाव्या शतकात त्याची तिथली संख्या घटत गेली, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर तिथे त्याचे पिल्लू जन्मलेले नाही. कॅलिफोर्निया समुद्रसिंह वाढत असतानाच हा हटला. तापत्या पाण्याने हटवला की शेजाऱ्यांच्या गर्दीने, याचे एकच उत्तर देता येत नाही. पण पाच जातींचे कौतुक करताना सहावीची रिकामी जागा दिसली पाहिजे.

या पंगतीत माणूस आगंतुक म्हणून शिरला, आणि आधी त्याने पाने वाढून घेतली नाहीत, पाहुणेच मारले. लोकर आणि तेलासाठी ही शरीरे कापली गेली. 1892 साली एका अमेरिकन संग्रहालयाच्या मोहिमेला ग्वादालूप बेटावर आठ हत्तीसील दिसले. जात संपण्याआधी नमुने हवेत म्हणून त्यांतले सात मारले गेले. आजचे दोन लाखांहून अधिक उत्तरी हत्तीसील त्या काळी उरलेल्या मूठभरांची संतती आहेत. शिकार थांबली की हे प्राणी परत येतात, याचा याहून मोठा पुरावा नको.

परत आले की तक्रार सुरू होते: सील मासे संपवतात. कोलंबिया नदीवर, समुद्रापासून सुमारे 235 किलोमीटर आत असलेल्या बॉनव्हिल धरणाच्या पायथ्याशी समुद्रसिंह सामन मासे पकडतात, आणि तिथली सामनची अवस्था बिकट असल्यामुळे 2018 साली अमेरिकी संसदेने त्यांना मारण्याची परवानगी सैल केली. तक्रार खोटी नाही. पण तिथे येणारे कॅलिफोर्निया समुद्रसिंह हे नर, वीण आटोपून उत्तरेला गेलेल्यांपैकी थोडे, माशांनी धरणाची अडचण गाठली की फायदा घेणारे. त्याच जातीची मादी तेव्हा शेकडो किलोमीटर दक्षिणेला अँकोव्हीच्या मागे असते. तिला त्या सामनचा हिशेब लावणे म्हणजे गावातल्या एकाच्या कर्जापायी साऱ्या गावावर जप्ती आणणे. सील किती मासे खातात, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता सील, नर की मादी, किती खोल, कोणत्या महिन्यात, रात्री की दिवसा, एवढे विचारल्याशिवाय दिलेले उत्तर धोरणाला दिशा देत नाही, फसवते.

पुढची पाने वाचताना वाचकाने म्हणूनच नकाशासोबत खोलीची पट्टीही मनात धरावी. समुद्राचा तो संध्याप्रकाशाचा थर, जिथे कंदीलमासे दिवस काढतात, फार दूरचा नाही. आपल्या अरबी समुद्राच्या उत्तर भागातही कंदीलमाशांचे प्रचंड थर आहेत आणि तेही रोज रात्री वर चढतात. जगाच्या बहुतेक भागांत या माशांवर अजून मोठी मासेमारी सुरू झालेली नाही. खाद्य आणि तेलासाठी ती सुरू करण्याचे बेत मात्र अनेक ठिकाणी मांडले जातात. त्या थराकडे जाळे वळवण्याआधी तिथे कोण जेवते, हे पाहण्याची सक्ती असावी. सॅन मिगेलसमोरच्या पाण्यात तशी सुरुवात झाली आहे. 2016 साली अमेरिकेने आपल्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या पाण्यात लहान खाद्यमाशांच्या काही गटांवर नवी व्यापारी मासेमारी, तिचे परिणाम शास्त्रीयदृष्ट्या तपासले जाईपर्यंत, बंद ठेवली. त्या यादीत कंदीलमासे आहेत, आणि खोल समुद्रातले काही माकूलही.